दोन कायद्यांच्या फटीतले फोर्कलिफ्ट

बंगळुरूचे नाव निघाले की संगणकाच्या पडद्यासमोर बसलेला तरुण डोळ्यांपुढे येतो. तुमकूर रस्त्याने नेलमंगल ओलांडून दाबसपेटपर्यंत किंवा जुन्या मद्रास रस्त्याने होसकोटेपर्यंत गेले, तर या शहराचे दुसरे रूप दिसू लागते. पत्र्याच्या अवाढव्य छपरांची गोदामे, त्यांच्या दारांशी पाठ लावून उभे असलेले ट्रक आणि कंटेनर आणि त्या दोहोंच्या मध्ये अखंड ये-जा करणारी फोर्कलिफ्ट. शहराने घरबसल्या मागविलेल्या मालापैकी फार मोठा हिस्सा केव्हा ना केव्हा या यंत्राच्या पोलादी दात्यांवरून गेलेला असतो. याच यंत्राखाली सापडून एखाद्या कामगाराचा पाय चिरडला किंवा उंच थप्पी अंगावर कोसळून कोणी दगावले, तर त्या अपघाताची दखल नेमकी कोणत्या खात्याने घ्यायची? या साध्या प्रश्नाचे सरळ उत्तर देशातील कायद्याने दीर्घकाळ दिले नव्हते.

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता अमलात आल्या आणि ते उत्तर मिळण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. तथापि, शक्यता आणि प्रत्यक्ष संरक्षण यांत बरेच अंतर आहे. ते अंतर किती आहे आणि ते कोणी कापायचे, हा आज दिल्ली आणि बंगळुरू या दोन्ही राजधान्यांपुढील प्रश्न आहे.

रस्त्याचे नव्हे, कारखान्याचेही नव्हे

फोर्कलिफ्टची कायदेशीर स्थिती मोठी चमत्कारिक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये बांधकाम यंत्र-वाहनांची जी व्याख्या आहे, तिच्यात फोर्कलिफ्टचे नाव स्पष्टपणे घातलेले आहे. मात्र मूळ मोटार वाहन कायदा 1988 मध्ये, केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी तयार केलेले विशेष प्रकारचे वाहन 'मोटार वाहन' या संज्ञेतून वगळले आहे. म्हणजे हे यंत्र सार्वजनिक रस्त्यावर आले तर वाहन ठरते आणि गोदामाच्या फाटकाआड गेले की त्याचे वाहनपण संपते. परिणामी आतल्या आत काम करणाऱ्या फोर्कलिफ्टच्या चालकाकडे परिवहन खात्याचा परवाना आहे की नाही, हे पाहणारे कोणी उरत नाही. अपघात झाल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाण्याचा मार्गही वादात सापडतो.

रस्त्याचा कायदा हात झटकतो, तर कारखान्याच्या कायद्याने ही जबाबदारी घ्यावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु कारखाने अधिनियम 1948 लागू होण्यासाठी त्या जागी 'उत्पादन प्रक्रिया' चालावी लागे. शीतगृहात माल साठविणे ही त्या कायद्याने उत्पादन प्रक्रिया मानली होती. साध्या गोदामात माल साठविणे ही मानली नव्हती. त्यामुळे एकाच आवारात शेजारी शेजारी असलेल्या दोन इमारतींपैकी आइस्क्रीमच्या गोदामात कारखाना निरीक्षक जाऊ शकत होता आणि साबणाच्या गोदामासमोर मात्र त्याला थांबावे लागत होते. व्याख्येत 'पॅकिंग' हा शब्द असल्यामुळे वाद घालण्यास जागा होती, हे खरे. पण व्यवहारात साध्या गोदामांची नोंदणी बहुधा कर्नाटक दुकाने व व्यापारी आस्थापना अधिनियम 1961 खालीच होत राहिली. या कायद्याचा भर कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि रजा यांवर आहे. तीन टनांचा भार पाच मीटर उंचीवर नेणाऱ्या यंत्राची तपासणी करणे हे त्याच्या प्रकृतीतच नाही.

खुद्द कारखाने अधिनियमातही यंत्राचे वय आणि कायद्याचे वय जुळत नव्हते. भार उचलणाऱ्या यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून दर 12 महिन्यांनी किमान एकदा संपूर्ण तपासणी करण्याचे बंधन कलम 29 ने घातले होते. या कलमाच्या स्पष्टीकरणात क्रेन, विंच, कप्पी अशी यंत्रांची यादी आहे. फोर्कलिफ्टचे नाव तिच्यात नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच झालेल्या कायद्याच्या कर्त्यांना त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. पुढच्या सात दशकांत ती यादी कालानुरूप करण्याची निकड कोणाला भासली नाही, ही खरी खंत आहे.

बंदरांची गोष्ट निराळी होती. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी 1986 साली स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी भार उचलणाऱ्या साधनांची चाचणी आणि तिची नोंदवही सक्तीची केली. त्यामुळे चेन्नई किंवा न्हावा-शेवा येथे जहाजातून उतरणारा कंटेनर एका कायद्याच्या छत्राखाली हाताळला जाई. तोच कंटेनर व्हाइटफील्डच्या इनलँड कंटेनर डेपोत आला की ते छत्र नाहीसे होई. डबा तोच, त्यातील माल तोच, माणसाच्या हाडांची ताकदही तीच. बदलत होता तो केवळ कायदा.

या विसंगतीचा आणखी एक पैलू लक्षात घेण्याजोगा आहे. गोदामांसाठी संसदेने कायदा केलाच नाही, असे नाही. गोदाम (विकास व नियमन) अधिनियम 2007 साली संमत झाला आणि 2010 मध्ये अमलात आला. गोदामात ठेवलेल्या मालाची पावती बँकेत तारण ठेवता यावी, मालाची प्रत आणि सुरक्षितता यांची हमी मिळावी, हा त्याचा हेतू. शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो उपयुक्तच आहे. परंतु पोत्याच्या सुरक्षिततेचा जेवढा विचार देशाने केला, तेवढा ते पोते उचलणाऱ्याच्या सुरक्षिततेचा केला नाही, हेही त्यावरून दिसते.

यंत्र कसे उलटते

फोर्कलिफ्टचा अपघात हा बहुधा 'नशिबाचा खेळ' म्हणून सांगितला जातो. वस्तुतः त्यामागे साधे पदार्थविज्ञान आहे. पुढच्या दात्यांवरील भाराला तोलून धरण्यासाठी या यंत्राच्या पाठीमागे जड पोलादी वजन बसविलेले असते. भार जमिनीलगत असेल तोवर तोल सांभाळला जातो. तो उंच उचलला की गुरुत्वमध्य वर आणि पुढे सरकतो. अशा अवस्थेत वळण घेतले, उतारावर आडवे चालविले किंवा चाक एखाद्या खळग्यात गेले की यंत्र कलंडते. मोटारीप्रमाणे याची पुढची चाके वळत नाहीत, मागची वळतात. त्यामुळे वळताना शेपटाकडचा भाग बाहेर फेकला जातो आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला त्याची कल्पनाही येत नाही. भार डोळ्यांच्या रेषेत आला की चालकाला पुढचे दिसत नाही. यंत्र कलंडू लागले की चालक स्वाभाविक प्रेरणेने बाहेर उडी घेतो आणि वरच्या सांगाड्याखाली सापडतो. पट्टा बांधून आसनातच राहिलेला चालक वाचण्याची शक्यता त्याहून अधिक असते.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने 1980 ते 1994 या 15 वर्षांतील मृत्यूंचा अभ्यास केला. फोर्कलिफ्टशी संबंधित 1,021 मृत्यूंपैकी 22 टक्के यंत्र उलटून झाले होते, तर 20 टक्के मृत्यू पायी चालणाऱ्यांना धडक बसून झाले होते. 16 टक्के यंत्राखाली किंवा यंत्रामध्ये चिरडून आणि 9 टक्के यंत्रावरून पडून झाले होते. या आकड्यांचा अर्थ असा की, बळी जाणाऱ्यांत यंत्राशी काही संबंध नसलेला, केवळ त्याच्या वाटेत आलेला हमालही मोठ्या संख्येने असतो. त्यानंतर 1999 साली अमेरिकेत चालकाच्या प्रशिक्षणाचा नियम कडक करण्यात आला. प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष परीक्षा यांशिवाय कोणालाही फोर्कलिफ्ट हाती देता येत नाही आणि दर तीन वर्षांनी चालकाचे पुन्हा मूल्यमापन करावे लागते.

भारतात अशी तुलना करायची तर आकडेच हाती नाहीत. कारखाना सल्ला सेवा महासंचालनालयाच्या आकडेवारीनुसार 2017 ते 2020 या काळात नोंदणीकृत कारखान्यांमध्ये दरवर्षी सरासरी 1,109 कामगार अपघातांत मृत्युमुखी पडले. ही संख्या धक्कादायक आहेच; पण ती नोंदणीकृत कारखान्यांपुरती आहे. ज्या गोदामाला कायदा कारखाना मानत नाही, तेथील मृत्यू या तक्त्यात येण्याचे कारणच नाही. मोजणी नाही म्हणून प्रश्न नाही आणि प्रश्न नाही म्हणून धोरण नाही, असे हे चक्र आहे.

वेगाची किंमत

1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि गोदामांचा भूगोलच बदलला. तोपर्यंत केंद्रीय विक्रीकर वाचविण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात लहान-लहान गोदामे ठेवीत. ती गरज संपली आणि अनेक राज्यांना माल पुरविणारी मोठी गोदामे उभी राहू लागली. त्याच वर्षी मालवाहतूक व साठवण क्षेत्राला पायाभूत सुविधांचा दर्जा मिळाला. 17 सप्टेंबर 2022 रोजी राष्ट्रीय लॉजिस्टिक्स धोरण जाहीर झाले. बंगळुरूजवळच्या मुद्देलिंगनहळ्ळी येथे 400 एकरांवर सुमारे 1,770 कोटी रुपयांच्या मल्टिमोडल लॉजिस्टिक्स पार्कची आखणी झाली. या साऱ्या धोरणाचा भर मालाच्या वाहतुकीचा खर्च आणि वेळ कमी करण्यावर आहे. तो रास्तही आहे. पण ट्रक धक्क्यावर थांबण्याचा वेळ निम्मा करायचा, तर तो निम्मा वेळ कोणाच्या श्रमातून आणि कोणाच्या विश्रांतीतून वसूल होतो, हेही पाहावयास हवे.

दिल्लीच्या परिसरातील एका उदाहरणाने हा मुद्दा 2024 च्या उन्हाळ्यात चव्हाट्यावर आणला. मानेसर येथील एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या गोदामात, सहा ट्रकमधील माल उतरवून होईपर्यंत पाणी पिण्यासाठी किंवा स्वच्छतागृहात जाण्यासाठी थांबणार नाही, अशी शपथ कामगारांना देण्यात आल्याच्या बातम्या आल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्यांची स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस पाठविली. थकलेला हात आणि घाईत चालविलेले यंत्र हे अपघाताचे सर्वांत जुने कारण होय. कर्नाटकाने 2023 च्या फेब्रुवारीत कारखाना कायद्यात दुरुस्ती करून 48 तासांच्या आठवड्यात दिवसाची मर्यादा 12 तासांपर्यंत नेण्यास वाव दिला आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा 75 वरून 145 तासांवर नेली. दुरुस्ती कारखान्यांसाठी असली, तरी तिच्यातून मिळणारा संदेश फाटकाबाहेरही ऐकू जातो.

साठवणुकीच्या व्यवसायातील धोका किती भीषण असू शकतो, याचे दर्शन 4 डिसेंबर 2023 रोजी विजयपूर येथे घडले. सोलापूरच्या हाकेवर असलेल्या या शहरात एका खाजगी गोदामातील मक्याची साठवण यंत्रणा कोसळली आणि मक्याच्या ढिगाऱ्याखाली सात कामगार गाडले गेले. सातही जण बिहारमधून आलेले होते. तो फोर्कलिफ्टचा अपघात नव्हता. पण त्यामागचे चित्र तेच होते. काम साठवणुकीचे, कामगार परप्रांतीय आणि राज्याच्या राजकारणात त्यांचा आवाज शून्य. ज्याचे मत हजार मैलांवरच्या गावी नोंदलेले आहे, त्याच्यासाठी येथील आमदार निवडणुकीच्या वर्षीही गोदामाच्या दाराशी येत नाही. रायचूर-यादगिरीहून किंवा बेळगाव-बिदरकडून आलेल्यांचीही गत याहून फारशी निराळी नाही.

भरपाईचा हिशेब

अपघातानंतर काय होते? पोलिसांत गुन्हा नोंदलाच, तर तो बहुधा चालकावर नोंदला जातो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 ने निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आहे. पण प्रशिक्षण न देता त्याच्या हाती यंत्र कोणी दिले, पायवाट आणि यंत्राची वाट एकच कोणी ठेवली, ब्रेकची तक्रार कोणी दडपली, हे प्रश्न सहसा तपासाच्या कक्षेत येत नाहीत. एक कामगार जातो आणि दुसरा आरोपी होतो. व्यवस्था मात्र साक्षीदारही ठरत नाही.

भरपाईचे गणित कागदावर स्पष्ट आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम 1923 नुसार मृत्यू झाल्यास मासिक वेतनाचा निम्मा भाग वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावा लागतो; सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच सूत्र कायम ठेवले आहे. 30 वर्षे वयाचा गुणक 207.98 आहे. वेतन 15,000 रुपये धरले, तर भरपाई 15 लाख 59 हजार 850 रुपये होते. ठेकेदाराने कागदोपत्री वेतन 10,000 दाखविले असेल, तर तीच रक्कम 10 लाख 39 हजार 900 वर येते. पगाराच्या पावतीवरील पाच हजारांची लबाडी कुटुंबाला पाच लाखांहून अधिक रकमेला पडते. पावतीच नसेल, तर दाव्याचा पायाच डळमळतो. ठेकेदाराच्या कामगाराबाबतही मूळ मालकाचे दायित्व कायद्याने मान्य केलेले आहे. परंतु ते माहीत असलेला नातेवाईक विरळा.

राज्य कामगार विमा योजनेची वाट याहून सुकर आहे. 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेल्या विमाधारकाला कामावरील इजेच्या काळात वेतनाच्या 90 टक्के लाभ मिळतो आणि त्यासाठी किमान हप्त्यांची अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क पोहोचतो. बंगळुरूत राजाजीनगर आणि पीण्या येथे या योजनेची रुग्णालये आहेत. अडचण असते ती नोंदणीची. नाव कागदावर यावे म्हणून कामगाराने आधी भरडले जावे, ही परिस्थिती बदलल्याशिवाय योजनेची उदारता त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

माथाडीचा धडा

या संदर्भात महाराष्ट्राने 1969 साली केलेला माथाडी कायदा आठवल्यावाचून राहत नाही. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून साकारलेल्या या कायद्याने हमालाला कोणा एका मालकाचा नव्हे, तर मंडळाचा नोंदणीकृत कामगार केले. मालकाने मजुरी आणि तीवरील लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार यांची व्यवस्था पाहायची, अशी ही रचना आहे. मालक बदलला तरी कामगाराची ओळख पुसली जात नाही, हे तिचे मर्म. कर्नाटकात आंबेडकर कार्मिक सहाय हस्त योजनेने हमालांची असंघटित कामगार म्हणून नोंद घेतली आणि अपघाताच्या वेळी साह्याची तरतूद केली. पण साह्य आणि नियमन या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अर्थात माथाडी कायद्यापुढेही यंत्राने पेच उभा केला आहे. काही ठिकाणी टोळ्यांच्या नावाने चालणाऱ्या खंडणीखोरीमुळे कायद्याची प्रतिमा मलिन झाली, हे नाकारता येत नाही. 2023 साली महाराष्ट्र विधिमंडळात आलेल्या सुधारणा विधेयकावरून मात्र जो वाद उसळला, त्यात कळीचा प्रश्न वेगळा होता: यंत्राच्या साह्याने होणारे काम हे अंगमेहनतीचे काम मानायचे की नाही? हमाल पंचायतीचे दिवंगत नेते डॉ. बाबा आढाव यांनी त्या विधेयकाला विरोध केला होता. या वादाचे मोल केवळ महाराष्ट्रापुरते नाही. हमालाच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उचलले म्हणजे धोका संपत नाही. तो पाठीवरून उतरून वाटेवर येतो. फोर्कलिफ्ट आले म्हणून हमाल संरक्षणातून वगळायचा असेल, तर यांत्रिकीकरणाचा पहिला बळी तोच ठरेल.

संहितेची कसोटी

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने 13 केंद्रीय कायदे एकत्र केले आणि 10 किंवा अधिक कामगार असलेली आस्थापना आपल्या कक्षेत घेतली. गोदाम आणि कारखाना यांच्यातील जुनी भिंत तत्त्वतः पडली, हे या संहितेचे श्रेय आहे. नियुक्तिपत्र सक्तीचे झाले, स्वतःहून आलेला परप्रांतीय कामगारही स्थलांतरिताच्या व्याख्येत आला. कर्तव्यभंगामुळे मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड अशी तरतूद झाली. त्या दंडाचा किमान निम्मा भाग वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

मात्र भिंत पाडतानाच काही नवे उंबरठे उभे राहिले आहेत. ठेका कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा 20 वरून 50 कामगारांवर गेली. एकाच गोदामात चाळीस-चाळीस माणसे पुरविणारे चार ठेकेदार नेमले, तर चौघांनाही परवान्याच्या कटकटीतून सुटता येईल. सुरक्षा अधिकारी सक्तीचा आहे तो 500 कामगारांचा कारखाना, 250 कामगारांचे धोकादायक उद्योग आणि बांधकामे, 100 कामगारांच्या खाणी यांना. गोदामाचे नाव या यादीत नाही. 2021 साली सुरक्षा मानकांच्या फेरविचारासाठी कारखाने, गोदी आणि बांधकाम या क्षेत्रांच्या तज्ज्ञ समित्या नेमल्या गेल्या. गोदामांसाठी स्वतंत्र समिती त्यांत नव्हती. निरीक्षकाचे रूपांतर 'निरीक्षक-नि-साहाय्यका'त झाले असून कोठे जायचे ते बव्हंशी संगणक ठरविणार आहे. ज्या आस्थापनेची नोंदच नाही, तिचे नाव संगणकाच्या सोडतीत निघणार कसे?

येथे राज्यांची जबाबदारी सुरू होते. कामगार हा समवर्ती सूचीतील विषय आहे. कर्नाटकाने 2025 साली प्लॅटफॉर्म कामगारांसाठी कायदा करून प्रत्येक व्यवहारावर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्काची तरतूद केली आणि देशापुढे वस्तुपाठ ठेवला. दुचाकीवरून पाकीट घेऊन येणारा तरुण दारात दिसतो, म्हणून त्याचा विचार झाला. तेच पाकीट गोदामात ट्रकवर चढविणारा कोणाला दिसत नाही. 2023 साली कामगार खाते हाती घेतलेले संतोष लाड यांच्या काळातच हा कायदा झाला. त्याच्या पुढचे पाऊल टाकण्यास पैसा नव्हे, इच्छाशक्ती पुरेशी आहे.

ते पाऊल फार अवघड नाही. प्रशिक्षण आणि परीक्षेशिवाय फोर्कलिफ्ट चालवू देऊ नये. प्रत्येक यंत्राची वार्षिक तपासणी व्हावी आणि तिचा दाखला यंत्रावरच लावावा. पायी चालणाऱ्यांची वाट रंगवून नव्हे, तर कठडा घालून वेगळी करावी. ट्रकची चाके अडविल्याशिवाय आणि किल्ली धक्क्यावरील मुकादमाकडे दिल्याशिवाय माल चढविण्यास प्रारंभ होऊ नये. अपघाताची सूचना गोदाम कोणत्याही कायद्याखाली नोंदलेले असले तरी एकाच खात्याकडे, म्हणजे राज्याच्या कारखाने व बाष्पके खात्याकडे, जावी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून 2022 मध्ये सुरक्षित व निरोगी कार्यस्थिती हा कामगाराचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. त्या हक्काचा गोदामाच्या धक्क्यावरचा अनुवाद एवढाच आहे.

जुना कायदा म्हणत होता की हे यंत्र रस्त्यावरचे नाही आणि कारखान्यातलेही नाही. नव्या संहितेला आता तसे म्हणता येणार नाही. दाबसपेटच्या गोदामात रात्रपाळीला उभ्या असलेल्या कामगाराला संहितेचे कलम माहीत असण्याची गरज नाही. यंत्र मागे सरकत असताना त्याचा भोंगा वाजतो की नाही आणि तो वाजत नसेल तर काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, यावरूनच त्याला कायद्याचा अर्थ कळणार आहे.